आत्यांचं ब्लाउजचं चॅनल : वर्षभराच्या नोंदी

आमच्याकडे कराड भागात बऱ्याच घरांत सासूला आत्या म्हणतात, मीही म्हणते. आत्या एकतीस वर्षं ब्लाउज शिवतायत. मी सकाळी एका दुकानात टॅलीवर (हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर) बसते, दुपारी मोकळी असते. त्यांचं यूट्यूब चॅनल मी चालवते. नाव मुद्दाम लिहीत नाही, ही जाहिरात नाही. घरातल्या कुणाचं तरी हुन्नर ऑनलाइन दाखवायचं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांच्यासाठी वहीतल्या नोंदी उतरवून काढल्यात. फक्त शिव्या गाळल्यात.

२ जून २०२४, रविवार

सामान आलं. ट्रायपॉड ६५०, कॉलर माइक ८५०, रिंग लाइट १,२००. फोन घरचाच. एकूण २,७००.

(नंतरची भर : रिंग लाइटचे बाराशे पाण्यात गेले. तो तोंडावर उजेड पाडायला असतो, आणि आम्हाला उजेड हवा होता कापडावर. साटीनवर तर त्याचं गोल कडं जसंच्या तसं उमटतं. आता आत्या त्याच्या उजेडात सुईत दोरा ओवतात.)

पहिला व्हिडिओ घेतला. सुरुवातीला मी पाऊण मिनिट बोलले : "नमस्कार मित्रांनो, आपलं स्वागत आहे..." ब्लाउज शिकायला मित्र कुठून येणार, हे तेव्हा सुचलं नाही.

९ जून

आज अठ्ठेचाळीस मिनिटं गेली. आणि नुसती मिनिटंच गेली असं नाही.

माइकच्या छोट्या डबीवर एक बटण असतं. एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. माझं कॅमेऱ्याकडे राहिलं. संध्याकाळी व्हिडिओ लावला तर आत्यांचं तोंड हलतंय आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा. "परत घेऊ," म्हटलं. आत्या म्हणाल्या, "परत? आगं, कापड कापलंय ते. आता काय डिंकानं चिकटवू?"

स्वयंपाकाच्या व्हिडिओत भाजी दुसऱ्यांदा करता येते. इथं गिऱ्हाइकाचा ब्लाउजपीस एकदाच कापला जातो. त्या दिवसापासून दोन नियम केले. शूटिंग गिऱ्हाइकाच्या कापडावर करायचं नाही, त्यासाठी मांजरपाट, म्हणजे साधं सुती कापड, आणायचं, ६० रुपये मीटर. आणि आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून इअरफोन लावून ऐकायचं, मगच कात्री हातात घ्यायची.

२३ जून

कटिंग वरून दिसलं पाहिजे. ट्रायपॉड टेबलाशेजारी ठेवला की तिरकं दिसतं, आणि तिरक्यात सहा इंच पाच वाटतात. टेबलावर ठेवला की त्याचे पाय कापडावर येतात.

माझ्या नवऱ्याला लहानपणी ज्या पाळण्यात झोपवायचे, त्याच्या दोन कड्या मधल्या खोलीच्या छताला अजून आहेत. त्यांना नळाचा पाइप आडवा टांगला, त्याला मोबाइल होल्डर बांधला. पाइप आणि दोन एल्बो मिळून १४० रुपये. वर्षभरात याहून चांगला खर्च मी केलेला नाही.

यातून दोन कटकटी निघाल्या. पंखा लावला की फोन झोके घेतो, म्हणून पंखा बंद. जूनमध्ये. आणि जुन्या ट्यूबमुळे फ्रेममधून काळपट पट्टे वर सरकत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभरदा मिणमिणते. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. हे कळायला चार संध्याकाळी गेल्या. काळ्या कापडावर काही दिसत नाही आणि भरजरीवर खडू उमटत नाही. पांढऱ्या मांजरपाटावर निळा खडू, हे ठरून गेलं.

१४ जुलै

सहा व्हिडिओ झाले. सबस्क्राइबर ४१. त्यातले तीस-बत्तीस पाहुणे.

शीर्षकं बघा माझी : "प्रोफेशनल ब्लाउज कटिंग मास्टरक्लास भाग १". भाग १ वरून भाग २ ला गेलेली माणसं तीन. त्यात एक मी.

४ ऑगस्ट

हा मूर्खपणा लिहायलाच हवा. "तुम्ही मला करा, मी तुम्हाला करते" अशा सबस्क्राइबच्या देवाणघेवाणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत शिरले. वीस दिवस रोज तास-दीड तास लोकांची चॅनलं सबस्क्राइब करत बसले : मोटारसायकलची, शेअर बाजाराची, एक कोंबड्यांचं. आकडा ३५२ वर गेला. पुढचा व्हिडिओ टाकला आणि पहिल्या दिवशी बघितला नऊ जणांनी.

कोंबडीवाल्याला कटोरी ब्लाउज (पुढे वाटीच्या आकाराचे तुकडे जोडलेला) कशाला बघायचाय? आणि हे यूट्यूबच्या नियमात बसतही नाही, सापडलं तर आकडा कापतात. ग्रुप सोडले. त्या ग्रुपांतून आलेल्या साठेक जणांनी पुढे आमचं चॅनल सोडलं, तेव्हा मी पेढे वाटायचीच बाकी होते.

११ ऑगस्ट

पहिला खरा प्रश्न आला. कमेंट होती : "ताई माझ्या ब्लाउजला मुंढ्यात चुण्या पडतात, काय चुकतंय". (मुंढा म्हणजे काखेभोवतीचा गोल काप, जिथं बाही जोडतात.)

मी आत्यांना वाचून दाखवला. त्या मशीनवरून न उठता म्हणाल्या, "फोटो पाठव म्हन." बाईंनी फोटो पाठवला, अंगात घालून, आरशासमोर. आत्यांनी चष्मा वर करून बघितला आणि तीन सेकंदांत सांगितलं, "पुढची-मागची बाजू एकावर एक ठेवून एकच मुंढा कापलाय हिनं." पुढचा मुंढा मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच आत कोरावा लागतो. तो कोरला नाही की जादाचं कापड काखेपाशी गोळा होतं.

म्हटलं, हेच शूट करू. आत्यांनी मुद्दाम एक चुकीचा ब्लाउज शिवला, मला घालायला लावला, बोटानं चुणी धरून दाखवली. मग काढला, मुंढा कोरला, परत घातला. सव्वाचार मिनिटं. शीर्षक त्या बाईंचंच : "मुंढ्यात चुण्या पडतात, काय चुकतंय?"

२५ ऑगस्ट

दोन आठवड्यांत त्या व्हिडिओला आधीच्या सगळ्यांहून जास्त व्ह्यूज. पण खरी गंमत खाली कमेंटमध्ये होती. "माझा गळा खांद्यावरून घसरतो", "माझी बाही वर ओढते", "पाठीला फुगा येतो". एकतीस फोटो आले.

यूट्यूब स्टुडिओत एक आलेख असतो, लोक कुठपर्यंत थांबले ते दाखवणारा. माझ्या जुन्या सगळ्या व्हिडिओंत पहिल्या तीस सेकंदांत कडा कोसळल्यासारखी रेघ खाली येते, म्हणजे माझ्या नमस्कारापाशी. मुंढ्याच्या व्हिडिओत ती कडा नाही, कारण तो सुरूच होतो चुणीवर ठेवलेल्या बोटापासून. त्या दिवसापासून नमस्कार बंद. आत्यांना ते खटकलं. "दारात आलेल्याला या-बसा पण न्हाई म्हनायचं?" शेवटी तोड निघाली : आधी चूक दाखवायची, मग "या, बसा, बघा". तेच पुढे आमचं बोधवाक्य झालं, काही न ठरवता.

शीर्षकासाठी डोकं चालवणंही सोडलं. लोक जे शब्द कमेंटमध्ये लिहितात तेच उचलायचे. 'आर्महोल फिटिंग' कुणी शोधत नाही, 'काखेत घट्ट होतो' शोधतात. वहीची शेवटची पानं आता फक्त बायकांच्या शब्दांसाठी ठेवलीत.

२९ सप्टेंबर

महिनाभर एकही व्हिडिओ नाही. गणपती, गौरी, मग नवरात्राच्या नऊ रंगांचे ब्लाउज. आत्या रात्री दीडपर्यंत मशीनवर. मला वाटलं, आता चॅनल बसलं. सगळीकडे ऐकलेलं असतं ना, आठवड्याला दोन टाकलेच पाहिजेत.

काही झालं नाही. मुंढ्याचा व्हिडिओ आपला रोज चाळीस-पन्नास माणसं आणत राहिला, कारण ती शोधून येत होती. ज्यांचा माल ताज्या बातमीचा आहे त्यांना खंड परवडत नसेल. चुणी पडायची ती भाद्रपदातही पडते. सबस्क्राइबर ६१०.

२० ऑक्टोबर

एक शॉर्ट, म्हणजे यूट्यूबचा छोटा उभा व्हिडिओ, टाकला होता, हूक न वाकवता लावायची आत्यांची पद्धत, ५२ सेकंद. त्याला १ लाख ८० हजार व्ह्यूज. सबस्क्राइबर एका आठवड्यात १,७५०. घरात जिलेबी आली.

मग हिशोब बघितला. जाहिरातीच्या पैशासाठी १,००० सबस्क्राइबर आणि शेवटच्या बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असावं लागतं, आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या तासांत धरत नाहीत. (शॉर्ट्सची वेगळी अट आहे, ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज. ते आपलं काम नाही.) आमचे तास होते ६९०. नवीन आलेल्या अकराशेंपैकी लांब व्हिडिओ बघायला थांबलेली पाच-पन्नास असतील.

त्या गर्दीबरोबर घाणही आली. आत्यांच्या हातांवर, पदरावर, पुरुषांच्या कमेंट. आत्यांना मी दाखवल्या नाहीत, पण नणंदेच्या फोनवर त्यांनी वाचल्या. दोन दिवस शूटिंगला बसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाल्या, "दुकानात पन अशी येतात. त्यांना बाकड्यावर बसू द्यायचं न्हाई." सेटिंगमध्ये ठरावीक शब्द असलेल्या कमेंट अडवून ठेवायची सोय आहे. त्यात मराठी शब्द आपणच भरावे लागतात, देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांतही. मी ६४ शब्द भरले. ती यादी करताना स्वतःचीच लाज वाटत होती. हे काम पहिल्या दिवशी करा.

१० नोव्हेंबर

दिवाळीच्या व्हिडिओला मागे सिनेमाचं गाणं लावलं आणि कॉपीराइटचा दावा आला. चूक माझीच. स्टुडिओतून गाण्याचा तुकडा मुका केला. दुसरं संगीत शोधायला वेळ नव्हता म्हणून पुढचा व्हिडिओ नुसत्या मशीनच्या आवाजावर सोडला. तर कमेंट : "मशीनचा आवाज ऐकून आईची आठवण आली". संगीताचा विषय तिथेच संपला.

१५ डिसेंबर

ही नोंद लांब होणार आहे.

नोव्हेंबरात आम्ही ३४ छातीच्या ब्लाउजचं पूर्ण कटिंग टाकलं होतं, बावीस मिनिटांचं. तो आमचा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला लांब व्हिडिओ. लग्नसराई सुरू झाली आणि तो पळायलाच लागला. अशात एका रात्री एका बाईंची कमेंट आली. शब्द मोजकेच होते : "तुमचं ऐकून मुलीच्या पैठणीचा ब्लाउज कापला. पुढचा गळा नऊ. सगळं वाया गेलं."

व्हिडिओ लावला. नवव्या मिनिटाला आत्यांच्या हातात टेप आहे, टेपवर खडूची खूण सहावर आहे, आणि तोंडानं त्या म्हणतायत, "पुढचा गळा नऊ." नऊ मागचा होता. मी एडिट करताना चार वेळा बघितलं होतं. मी बघत होते, म्हणून मला सहाच दिसलं.

त्या बाई बघत नव्हत्या. त्यांनी फोन डब्याला टेकवून ठेवला होता, हातात कात्री, आणि नुसतं ऐकत होत्या. जवळजवळ सगळ्याच तसं करतात, हे मला सहा महिन्यांत कळलं नव्हतं. मी थंबनेलच्या रंगात आणि शटरमध्ये अडकले होते. आमचा व्हिडिओ म्हणजे त्यांच्यासाठी रेडिओ आहे.

मी म्हटलं, वरती कमेंट पिन करू, "नऊ नाही, सहा". आत्या म्हणाल्या, "हातात कात्री असताना कोन वाचतंय खाली? काढ तो."

यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच पत्त्यावर नवा व्हिडिओ ठेवता येत नाही. मधला तुकडा कापता येतो, पण तुकडा कापला तर गळ्याचं मापच जातं. खाजगी केला तर त्याचे तास मोजणीतून जातात. आमच्या तेव्हाच्या २,३०० तासांतले ११०० त्या एकट्याचे. मी आत्यांना आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, "तास मोठं का पैठनी?" रात्री पावणेबाराला खाजगी केला.

सकाळी बाईंचा नंबर मागून घेतला आणि आत्यांनी फोन केला. आधी त्यांनी बोलू दिलं, पूर्ण. मग विचारलं, "साडीचा काठ उरलाय का?" उरला होता, वीतभर. गळ्याच्या खोलीत काठाचा जोड कसा द्यायचा, आतून अस्तर कसं धरायचं, हे फोनवर सांगून बाईंना जमेना. तर म्हणाल्या, "पाठव माझ्याकडं." ब्लाउज आणि काठ आला, आत्यांनी बाकीची कामं बाजूला सारून दुरुस्त केला, स्पीड पोस्टनं परत गेला. दोन्हीकडचं टपाल, अस्तर, मिळून ३८० रुपये आणि दीड दिवस.

बाईंना विचारून त्या दुरुस्तीचा व्हिडिओ केला. सुरुवातीला आत्या कॅमेऱ्यासमोर बसून म्हणाल्या, "म्या चुकीचं माप बोलले. एका पोरीच्या लग्नाचा ब्लाउज त्यानं बिघडला. आता कसा नीट केला ते बघा." मी ते वाक्य कापणार होते. त्यांनी कापू दिलं नाही.

तेव्हापासून : प्रत्येक माप दोनदा बोलायचं, कुठल्या बाजूचं ते आधी. पडद्यावर मोठ्या आकड्यात लिहायचं. आणि व्हिडिओ टाकण्याआधी मी एकदा डोळे मिटून नुसता ऐकते, हातात कागद-पेन्सिल घेऊन. कागदावरची मापं जुळली तरच टाकायचा. याला बावीस मिनिटांच्या व्हिडिओमागे अर्धा तास जादा लागतो.

१९ जानेवारी २०२५

गळ्याच्या दुरुस्तीच्या व्हिडिओखाली ४०० च्या वर कमेंट. निम्म्या बायका स्वतःच्या बिघडलेल्या ब्लाउजांच्या गोष्टी सांगतायत, आणि मी उत्तर द्यायच्या आत दुसरी कुणीतरी तिला उत्तर देतीये. जालन्याची एक बाई कटोरीचं इतकं बिनचूक सांगते की आत्या म्हणाल्या, "हिला धरून ठेव." खाजगी केलेलं कटिंग नव्यानं शूट करून टाकलं.

१६ फेब्रुवारी

व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता, फोटो पाठवून शंका विचारायला. पंधरा दिवसांत त्यात गुलाबाची फुलं, सुप्रभात, फॉल-पिकोच्या जाहिराती आणि एक लग्नाचं स्थळ. आत्यांच्या फोनची मेमरी भरली. आता ग्रुप एरवी बंद, फक्त गुरुवारी दुपारी दोन ते चार उघडा. त्यातही फोटो अंगात घातलेला हवा, हॅंगरवरचा नको. आत्यांना टाइप करता येत नाही, त्या आवाजी मेसेज करतात. लोकांना तेच आवडतं. एकीनं सांगितलं, की ती उत्तर जपून ठेवते आणि शिवताना लावते.

६ एप्रिल

कागदी पॅटर्न विकायचा प्रयत्न. पीडीएफ १५० रुपयांना, ए-फोरच्या पानांवर छापून जोडायचं. पहिल्या अकरा जणींपैकी चौघींचा ब्लाउज घट्ट. झेरॉक्सवाले छापताना "पानात बसवा" हा पर्याय ठेवतात, आणि पॅटर्न थोडासा आक्रसतो. थोडासा म्हणजे छत्तीस छातीत इंचभर. चौघींचे ६०० परत केले. आता पहिल्या पानावर दोन इंचांचा चौकोन आहे आणि त्यात लिहिलंय : "टेपनं मोजा. दोन नसेल तर पुढचं छापू नका." तरी न मोजता छापतातच. माझ्या मते खाकी कागदावर हातानं काढून दिलेलाच खरा, पण आठवड्याला पाचाच्या वर निघत नाहीत.

१८ मे

४,००० तास पूर्ण. डिसेंबरात ते ११०० सोडले नसते तर मार्चमध्येच झाले असते. अर्ज केला, मंजूर झाला.

२० जुलै

दहा डॉलर जमा झाले की ॲडसेन्स (जाहिरातीचे पैसे देणारी गूगलची सेवा) पत्ता तपासायला टपालानं पिन पाठवतं. आलाच नाही. महिन्यानं लक्षात आलं, पिनकोडातले दोन आकडे मी उलटे भरलेत. दुरुस्त करून परत मागवला, तो अठरा दिवसांनी आला. पोस्टमनकाका म्हणाले, "वहिनी, परदेशातनं कोण तुम्हाला?" आता शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. सध्या ६३.

म्हणजे अजून हातात शून्य. वर्षाचा खर्च, मांजरपाट धरून, साडेसात हजारांच्या आसपास. पॅटर्नचे आले ४,९००. पण आत्यांची अस्तराच्या ब्लाउजची शिलाई साडेतीनशेवरून साडेचारशे झाली आणि साताऱ्याहून, पाटणहून बायका गाडी करून येतात. ते चॅनलच्या हिशोबात धरायचं का नाही, यावर नवऱ्याचं आणि माझं एकमत नाही.

१७ ऑगस्ट

नणंद बाळंतपणाला आली होती, परवा बारसं झालं. पाळणा लागला. साहजिकच कड्या गेल्या, पाइप उतरवला. सध्या तो खिडकीच्या गजाला आणि कपाटाच्या वरच्या कडीला बांधलाय. फ्रेम जराशी तिरकी येते, म्हणून टेबलाच्या दोन पायांखाली फरशीचे तुकडे घातलेत.

शूटिंग बाळ झोपलं की. मशीन चालवता येत नाही, त्यामुळे या महिन्यात फक्त कटिंग. आत्या इतक्या हळू बोलतात की आवाज दुप्पट वाढवावा लागतो, आणि मग घड्याळाची टिकटिकही ऐकू येते. मागच्या गुरुवारचे २३ फोटो अजून बघायचे राहिलेत.